निळ्या टेपची शेपटी

टेपवाले हे त्यांचं आडनाव नव्हे. ते वायरमन. पण तीस वर्षांत त्यांनी जिथे म्हणून वायर ओढली, तिथे प्रत्येक टोकाला निळ्या टेपचे दोन वेढे दिले, वर बॉलपेनने ती वायर कुठून कुठे जाते ते लिहिलं आणि टेपचं शेवटचं टोक दुमडून बोटाच्या पेराएवढी शेपटी मोकळी ठेवली. का, तर पुढे कुणाला ती टेप काढायची झाली तर नखाने खरवडत बसायला नको. चिमटीत धरायची, ओढायची, काम झालं. गिऱ्हाइकांनी नाव पाडलं टेपवाले, आणि त्यांना ते आवडायचंही. आवडतं असं कबूल मात्र कधी केलं नाही.

माणूस कामाला चोख, पण तोंडाने फटकळ. कुठल्याही घरात शिरून बोर्ड उघडला की पहिलं वाक्य ठरलेलं, "हे कुणी केलंय?" विचारायची पद्धत अशी, की घरातल्यांना वाटावं आपण कुणाला तरी लपवून ठेवलंय आणि आता तो सापडणार. स्वतःच्या चुकीबद्दल विचाराल तर तो विषय कधी निघालाच नाही. चूक सापडली नव्हती म्हणून नव्हे, कुणी शोधायला धजावत नव्हतं म्हणून.

धाकटा भाऊ त्यांच्याहून अकरा वर्षांनी लहान. कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात कामाला. लग्न केलेलं नाही, दादा-वहिनीकडेच राहायचा. एका रविवारी तो घरी आला तो डोक्यात हे खूळ घेऊनच.

"दादा, ग्राफिक्स कार्डं घ्यायची. गेम खेळायला वापरतात ती. एका चौकटीवर ओळीने लावायची. दिवसभर ती गणितं करणार आणि त्याबद्दल आपल्याला नाणं मिळणार."

"कसली गणितं?"

"तशी कसलीच नाहीत. म्हणजे, नुसतीच अवघड. त्या नाण्याचे व्यवहार खरे आहेत की नाहीत, याचा जगभर पहारा असतो. ती गणितं म्हणजे तो पहारा."

"आणि नाणं दिसतं कसं?"

"दिसत नाही."

"अरे वा! न दिसणाऱ्या नाण्यासाठी निरुपयोगी गणितं. तुला दुकानात पगार वेळेवर देतात ना?"

धाकट्याने तासभर डोकेफोड केली. टेपवाल्यांच्या डोक्यात त्यातली एकच गोष्ट शिरली. आठ कार्डं चोवीस तास चालणार म्हणजे लोड एवढा एवढा, आणि घरातली आहे ती वायर तो पेलणार नाही. तिथे मात्र ते सावरून बसले. "ही वायर चालायची नाही," म्हणाले, "मीटरपासून वेगळी लाइन ओढावी लागेल." झालं! धाकट्याने ओळखलं, गडी तयार झाला.

मागची खोली नऊ बाय दहाची. तिथली घडीची खाट आणि जुन्या पेट्या हलल्या. टेपवाल्यांनी जाड तांब्याची स्वतंत्र लाइन ओढली, स्वतंत्र ब्रेकर लावला, अर्थिंग नव्याने केलं. धाकट्याने अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या कापून चौकट बनवली आणि त्यावर चार चार बोटांच्या अंतराने आठ कार्डं टांगली. चार त्याने घेतलेली, चार दादांनी. वीज पुरवायला दोन सप्लायचे डबे, एकेक चार कार्डांना. हद्द ठरली: भिंतीतल्या सॉकेटपर्यंत दादा, सॉकेटच्या पुढे धाकटा. म्हणून भिंतीवर निळ्या टेपा आणि चौकटीवर धाकट्याच्या प्लास्टिकच्या पट्ट्या. टेपवाल्यांना त्या पट्ट्या बघवत नसत. "काढायची वेळ आली की कापावी लागते. ही काय पद्धत झाली?" पण हद्द म्हणजे हद्द. ते हात लावत नसत.

सगळे पंखे एकदम सुरू झाले तेव्हा खोलीत बोललेलं ऐकू येईना आणि दहा मिनिटांत अंगाला घाम सुटला. वहिनीने दारातून डोकावून खोलीचं नाव ठेवलं भट्टी. दुसऱ्या दिवशी तिने तिथे दोरी बांधली. चादरी वीस मिनिटांत खडखडीत वाळू लागल्या. "तुमचं नाणं दिसो न दिसो," ती म्हणाली, "माझ्या चादरी तरी दिसतायत."

एकट्यादुकट्याचं हे काम नव्हे. जगभरातले असे कितीतरी जण मिळून एका गटात काम करतात. त्या गटाचं इंटरनेटवर एक पान असतं. आपल्या मशीनला एक नाव द्यायचं, आणि पानावर त्या नावाची एक ओळ दिसते. मशीन चालू असेल तर हिरवी, बंद पडलं तर लाल. नाव इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता. धाकट्याने विचारलं, "काय नाव देऊ?" टेपवाल्यांना यातलं काही सुचण्यासारखं नव्हतं. वहिनीच म्हणाली, "घर द्या." दिलं. हे सगळं कसं केलं ते त्याने एका कागदावर लिहून भट्टीच्या दाराला चिकटवून ठेवलं, दादांना कधी लागलंच तर. दादांना बरीच वर्षं ते लागलं नाही.

दीडेक वर्ष बरं चाललं. मग एका दुपारी एक सप्लायचा डबा जळका वास देऊन बसला. धाकट्याने नवा आणला, पण दुसऱ्या कंपनीचा. आणताना त्याने दादांना बजावलं होतं, "डबा बदलला की त्याच्या वायरीही बदलायच्या. जुन्या वायरी नव्या डब्यात बसतात, अगदी टक् आवाज करून बसतात, पण आतल्या पिनांची जागा वेगळी असते. जुनी लावली की कार्डं गेली."

"बसते ती चालते," टेपवाले म्हणाले होते. त्यांचं आयुष्य घरांच्या भिंतींत गेलेलं. तिथे खाच बसली की काम बरोबर असतं.

"इथे नाही चालत, दादा."

नवा डबा आणला त्या दुपारी घरी एक ठेकेदार आला होता. पाच मजल्यांच्या इमारतीचं वायरिंगचं काम त्याच्या हातात होतं आणि टेपवाले ते मिळवण्याच्या खटपटीत होते. इतकं मोठं काम त्यांना आजवर मिळालं नव्हतं. ठेकेदार चहाचा कप घेऊन भट्टीच्या दारात उभा राहून गंमत बघत होता. धाकट्याने नव्या वायरी लावल्या, मध्येच पट्ट्या आणायला खाली स्कूटरपर्यंत जाऊन आला. टेपवाल्यांनी ब्रेकर वर केला.

फट्! जळक्या प्लास्टिकचा वास, आणि खालच्या रांगेतली तीन कार्डं गेली. तीनही धाकट्याची.

धाकटा वाकला. नव्या वायरींच्या जुडग्यात एक जुनी वायर होती. एका वायरीला तीन फाटे, तीन फाट्यांना तीन कार्डं. तो ती हातात धरून बघत राहिला.

ठेकेदारासमोर झालेली शोभा टेपवाल्यांना झोंबली. "तूच मला शिकवतोस जुनी लावू नको, आणि तूच लावतोस? हाताला वळणच नाही तुझ्या! हे काम आहे, पोरखेळ नव्हे!" अजूनही बरंच बोलले. तीस वर्षं परक्यांच्या बोर्डांना जे बोलत आले, ते सगळं त्या दिवशी भावाच्या पदरात पडलं.

धाकट्याने एकदा दारातल्या ठेकेदाराकडे पाहिलं. स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. टेपवाल्यांनी ती वायर त्याच्या हातातून हिसकली, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात कोंबली आणि डबा कपाटावर टाकला. "पुरावा आहे हा," म्हणाले, "राहू दे." दुसऱ्या दिवशी धाकटा आपलं उरलेलं एक कार्ड घेऊन घर सोडून गेला. खोली घेतली वीस मिनिटांवर. ठेकेदाराचं काम टेपवाल्यांना मिळालं, आणि मग एकातून दुसरं अशी मिळतच गेली.

पाच आठवडे पानावर एकच ओळ होती. मग एका सकाळी खाली दुसरी उगवली. घर-दोन. हिरवी.

"वा रे वा! घर-दोन म्हणे!" टेपवाले गुरकावले. पण त्या दिवशी दुपारपर्यंत त्यांनी ते पान चार वेळा उघडलं.

धाकट्याला वेगळं खातं उघडता आलं असतं. त्याने उघडलं नाही. दोन्ही ओळींची कमाई एकाच खात्यात पडायची आणि वहिनी महिन्याच्या शेवटी ज्याचं त्याला देऊन टाकायची. "माझ्यासमोर त्याचं नाव काढायचं नाही," असं टेपवाल्यांनी तिला बजावलेलं. तिनेही ते तंतोतंत पाळलं. धाकटा कसा आहे, जेवतो काय, दुकानात बरं चाललंय का, तोंडातून अक्षर नाही. मग टेपवाल्यांना भावाची खबर मिळायची ती त्या एका ओळीवरून. सकाळी तोंड धुण्याआधी पान उघडायचं. हिरवी आहे? आहे. मग चहा.

एकदा घर-दोन लाल झाली आणि दोन दिवस लालच राहिली. पहिल्या दिवशी टेपवाले म्हणाले, "हाताला वळण नाही, दुसरं काय." दुसऱ्या दिवशी ते बल्बचा होल्डर आणायला म्हणून निघाले. होल्डर घरात डझनभर होते. धाकट्याच्या गल्लीच्या तोंडाशी जाऊन त्यांनी पाहिलं, खाली स्कूटर उभी होती आणि वर गॅलरीत त्याचा ओला शर्ट ठिबकत होता. मग ते परत आले.

"मिळाला होल्डर?" वहिनीने विचारलं.

"नाही. माल संपलाय."

"हं," ती म्हणाली. आणि मग न राहवून, "अहो, फोन करा की सरळ."

"मी का करू? चूक त्याची."

अशी तीन वर्षं गेली.

मग बातमी आली की त्या नाण्याचा पहारा यापुढे दुसऱ्या पद्धतीने होणार, ही गणितं आता कुणाला नकोत. तारीख ठरली, वेळही ठरली. त्या दिवशी सकाळी साडेअकराच्या सुमारास जगभरातली सगळी यंत्रं एकदम बिनकामाची होणार, आणि तो गट आपलं पान बंद करणार. लोकांनी कार्डं विकायला काढली. टेपवाल्यांना कार्डांचं दुःख नव्हतं, ती आपलं मोल वसूल करून बसली होती. त्यांना खुपत होतं ते वेगळंच. पान गेलं म्हणजे ती ओळ गेली. उद्यापासून तोंड धुण्याआधी बघायचं काय?

त्या दिवशी ते कामाला गेले नाहीत. विकायच्या मालाबरोबर सुट्या वायरीही द्याव्यात म्हणून दहाच्या सुमारास शोधाशोध सुरू झाली. वहिनीने कपाटावरचा पत्र्याचा डबा काढून त्यांच्या पुढ्यात ठेवला. टेपवाल्यांनी झाकण उघडलं. वर तीच वायर. तीन वर्षांत त्यांनी तिचा उल्लेख शंभरदा केला असेल, उघडून एकदाही पाहिली नव्हती.

एका टोकाचं प्लास्टिक वितळून काळं झालेलं. दुसऱ्या टोकाला निळी टेप. दोन वेढे. दुमडलेली शेपटी. आणि वर बॉलपेनने, त्यांच्याच तिरक्या अक्षरात: नवा डबा, खालची रांग.

नवा डबा घरात आला तो कार्डं गेली त्याच दुपारी. त्याआधी कुणी 'नवा डबा' लिहिलेलं असणं शक्यच नव्हतं.

मग हळूहळू आठवलं. धाकटा पट्ट्या आणायला खाली गेलेला. एक खाच रिकामी. ठेकेदार दारात, घड्याळाकडे बघणारा. जमिनीवर जुन्या वायरींचा ढीग. त्यातली एक उचलली, लावली, टक्. टेप, नाव, शेपटी. तोंडाने ठेकेदाराशी बोलणं चालूच होतं. डोक्याला पत्ता नाही आणि हाताने करून टाकलं. हद्द ओलांडून.

वहिनीने वाकून वाचलं. "हे तुमचं अक्षर."

"हो."

"मग?"

 टेपवाल्यांनी फोन उचलला, धाकट्याचा नंबर काढला आणि रिंग जाण्याआधीच बंद केला. पुन्हा काढला, पुन्हा बंद केला. आयुष्यभर दुसऱ्यांना 'हे कुणी केलंय' विचारणाऱ्या माणसाला 'मी' हा शब्द तोंडातून काढायचा होता आणि तो निघत नव्हता. लाज वाटत होती, भयंकर लाज. अकराला पाच कमी होते.

ते उठले आणि भट्टीत गेले. दारावरचा कागद तीन वर्षांत पिवळा पडला होता. त्यावर बोट ठेवत ठेवत, कीबोर्डवर एकेक अक्षर हुडकत त्यांनी मशीनचं नाव बदललं आणि यंत्र बंद करून चालू केलं. पानावर नवी ओळ उगवली, हिरवी. धाकट्याच्या ओळीच्या बरोबर वर.

"काय केलंत?" वहिनी दारातून ओरडली. पंख्यांपुढे ओरडल्याशिवाय काही पोचत नसे.

"लिहिलं! चूक माझी!"

"कुठे लिहिलं?"

"पानावर! बघेल तो!"

वहिनीने कपाळाला हात लावला. "अहो, वीस मिनिटांवर राहतो तो! वीस मिनिटांवर!"

टेपवाले स्टुलावर बसून पडद्याकडे बघत राहिले. घर-दोनचं नाव काही बदललं नाही. दहा मिनिटं गेली, पंधरा गेली. वाचलं असेल आणि सोडून दिलं असेल. बरोबरच आहे, त्यांना वाटलं, का म्हणून उत्तर द्यावं?

बाविसाव्या मिनिटाला जिन्यात धडधड पावलं वाजली. दार उघडंच होतं. धाकटा आत घुसला तो थेट भट्टीत. डोक्यावर हेल्मेट तसंच, हातात आग विझवायचा लाल सिलिंडर.

"काय झालं? कुठे लागली?"

टेपवाले उठून उभे राहिले. "वाचलंस?"

"काय वाचलं? घर लाल झालंय! मला फोनवर सूचना आली! तीन वर्षांत घर एकदा लाल झालं नाही! दोन मिनिटं वाट बघितली, येतच नाही! वहिनींना चार फोन केले, उचलत नाहीत!"

वहिनीचा फोन स्वयंपाकघरात होता. भट्टीच्या आवाजात तो कुणाला ऐकू जाणार?

"लाल कुठे? मी फक्त नाव बदललं!"

"अरे देवा! नाव बदललं की जुनं नाव लाल होऊन पानाच्या तळाशी जातं ना, दादा! कागदावर खाली लिहिलंय ते!" त्याने सिलिंडर जमिनीवर टेकवला. छाती धपापत होती. "पण आज कशाला बदललंस? आता पाच-दहा मिनिटांत सगळंच बंद होणार, आणि आज तुला नाव बदलायचं सुचलं?"

म्हणजे त्याने वाचलंच नव्हतं. लाल दिसलं आणि तो निघाला होता. टेपवाल्यांनी टेबलावरची वायर उचलली. सटकायला आता जागा नव्हती.

"ही मी लावली होती," ते पुटपुटले.

"काय?"

"ही... मी लावली होती."

"ऐकू येत नाही!"

"अरे, ती वायर मी लावली होती!" टेपवाले ओरडले. एवढ्या जोरात, की समोरच्या बिऱ्हाडाचं दार उघडल्याचा आवाज आला. "चूक माझी होती! माझी!"

"माहीत होतं!" धाकटाही तेवढ्याच जोरात ओरडला.

आणि पंखे मंदावले. एक, मग दोन, मग सगळे मिळून खाली खाली येत गेले. पडद्यावर दोन्ही हिरव्या ओळी शून्यावर आल्या होत्या. साडेचार वर्षांत पहिल्यांदा त्या खोलीत स्वयंपाकघरातलं नळाचं ठिबकणं ऐकू आलं.

"माहीत होतं?" टेपवाल्यांनी विचारलं. आता ओरडायची गरज नव्हती.

"तेव्हाच बघितली मी शेपटी. तुझं अक्षर."

"मग बोलला का नाहीस?"

धाकट्याने खांदे उडवले. "ठेकेदार उभा होता ना दारात. तुला ते काम हवं होतं. चुकीची वायर वायरमनने लावली म्हटल्यावर त्याने दिलं असतं काम? मी म्हटलं, तो गेला की सांगू. पण तो जाईपर्यंत तू एवढं बोललास, दादा, की मग सांगावंसंच वाटलं नाही."

टेपवाल्यांनी मान खाली घातली. मग एकाएकी फोन काढला आणि ठेकेदाराला लावला, स्पीकर चालू करून. या वेळी रिंग जाऊ दिली.

"बोला टेपवाले."

"एक सांगायचं होतं. तीन वर्षांपूर्वी तुम्ही घरी आला होता, तेव्हा मशीन उडालं होतं. मी भावाला बोललो तुमच्यादेखत. ती वायर त्याने नव्हती लावली. मी लावली होती."

पलीकडे ट्रक मागे घेतल्याचा आवाज येत होता. "कुठलं मशीन?"

"ते कार्डांचं. तुम्ही दारात चहा घेत होता."

"असेल हो, मला कुठलं आठवतंय! चहा तर मी दिवसाला दहा ठिकाणी घेतो."

"पण काम तर तुम्ही मला त्यानंतरच..."

"काम? ते होय! काम तुम्हालाच द्यायचं म्हणून तर आलो होतो. सगळ्यांत कमी दर तुमचा होता. बरं, तिसऱ्या मजल्यावरचा बोर्ड कधी बघताय?"

टेपवाल्यांनी फोन ठेवला.  धाकटा त्या फोनकडे बघत होता, मग एकदम हसायला लागला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरले. टेपवाल्यांना हसू आलं नाही. त्यांनी भावाचा दंड धरला तो सोडलाच नाही.

वहिनीने दोरीवरची शेवटची चादर ओढून घेतली. "भावजी," ती म्हणाली, "ते हेल्मेट काढा आता. घरात कुणी घालतं का?"